वरचं वाच

"वाळवंटातलं जनावर, पाच अक्षरं," बाकावरच्या पोराने इंग्रजी पेपरातल्या शब्दकोड्यातून मोठ्याने वाचलं, आणि न्हाव्याच्या दुकानातली झाडून सगळी माणसं एका सुरात ओरडली, "उंट!" आरशासमोर गालाला साबण फासून बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा ओरडलं. त्याच्या तोंडाचा साबण बहुधा गितोंगा न्हाव्याच्या शर्टावर उडाला असावा, कारण गितोंगाने त्याला आईवरून एक शिवी हासडली आणि दुकान पुन्हा एकदा हसलं. "हे काय कोडं झालं? हे माझ्या शेळीलाही येईल," कोणीतरी म्हणालं. किम्वेले तेवढा हसला नाही. बाकाच्या टोकाला, गुडघ्यांमध्ये काठी आणि मांडीवर टोपी धरून तो बसला होता, आणि गर्दीत कोणीतरी आपल्या खिशात हात घातल्यासारखं त्याला वाटलं.

कारण तो उंट त्याचा होता. आज सकाळीच, जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, कुंद थंडीत व्हरांड्यात शाल पांघरून बसलेला असताना, शेजारच्या ओबुराने त्याला हेच सूत्र वाचून दाखवलं होतं. किम्वेलेचे डोळे असून नसल्यासारखे. काचबिंदूने कडेकडेने खात खात मध्ये एक धुरकट भोक तेवढं शिल्लक ठेवलेलं. त्यातून समोरच्याच्या शर्टाचं बटण दिसे, माणूस दिसत नसे, आणि छापील अक्षर तर दोन वर्षांत दिसलेलं नव्हतं. म्हणून ओबुरा वाचायचा, किम्वेले सोडवायचा आणि ओबुरा लिहायचा. आज त्या उंटापायी चहावर साय धरली होती. वाळवंट म्हटल्याबरोबर मनात उंटच आला होता, आणि म्हणूनच त्याने तो हाकलून दिला होता; इतकं उघड उत्तर असेल तर कोडं घालायचं कशाला? मग त्याने साप आणून पाहिला. साप इंग्रजीत पाच अक्षरांत बसतही होता, पण उभ्या शब्दाशी जमेना. विंचू फार लांब निघाला. शेवटी फार वेळाने त्याला उमगलं की उंट उघडा आहे हीच त्याची लपण्याची जागा. "ओबुरा," तो म्हणाला होता, आणि आता बाकावर ते शब्द आठवताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या, "हा कोडं घालणारा बेरकी आहे रे. त्याने उंट भर चौकात उभा केलाय. माझ्यासारखे मुरलेले लोक त्याला ओलांडून पलीकडे शोधत बसणार, हे त्याला ठाऊक आहे. लिही. उंट." जुन्या नोकरीवरून त्याला "कोर्ट" म्हणणारा ओबुरा लिहिता लिहिता म्हणाला होता, "कोर्ट, तुमच्या डोक्याला तोड नाही बुवा."

"म्झे, तुम्ही गप्प का?" ज्या पोराच्या हातात पेपर होता त्याने विचारलं. मोटरसायकलवरून सवाऱ्या नेणाऱ्यांपैकी एक; अंगाला पेट्रोलचा वास होता. इथे म्हाताऱ्याला आदराने म्झे म्हणतात, पण आदर किती आणि गंमत किती हे ज्याचं त्याने ओळखायचं. "उंट माहीत नाही होय तुम्हाला?"

"हे कुठलं सूत्र वाचलंस? वरचं की खालचं?"

"खालचं की. वरची कोणाच्या बापाला येतात? ती गोऱ्यांसाठी. आपण आपले खालचे."

त्या पेपरातल्या कोड्याची रीतच तशी होती, आणि ती किम्वेलेपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार. चौकट एकच, उत्तरंही तीच, पण सूत्रांचे दोन संच. वरचा संच अवघड: त्यातलं वाक्य सांगायचं एक आणि दाखवायचं भलतंच, त्याच्या पोटात शिरून उत्तर ओढून काढावं लागे. खालचा संच सोपा, ज्यांना वरचं झेपत नाही त्यांच्यासाठी. चाळीस वर्षांत त्याने खालच्या संचाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. निदान तो तसं समजत होता.

"उंटाचं वरचं काय आहे, वाच पाहू," तो म्हणाला. आपला आवाज त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आल्यासारखा वाटला.

पोराने पेपर डोळ्यांजवळ नेला असावा, कागद कुरकुरला. "'आला तो पन्नास घेऊन, ओझं वाहायला.' पाच अक्षरं. घ्या! आता याचा उंट कसा होतो ते सांगा. लिहिणाऱ्याने गांजा ओढला होता."

"म्झे सांगतील," गितोंगा म्हणाला. "म्झे कोर्टात होते. सांगा हो यांना, आला तो पन्नास घेऊन."

दुकान थांबलं. यंत्राची घरघर बंद झाली, रेडिओवर कोणीतरी कोणाच्या तरी अंत्यविधीची वेळ सांगत होतं, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते हे त्याला न बघता कळत होतं. त्याच्याजवळ उत्तर होतं. सूत्रही होतं. म्हणजे कुलूप होतं आणि किल्लीही होती, नुसती लावायची होती. आला. पन्नास. ओझं. पन्नास या आकड्याचं काहीतरी असतं. हे त्याला कोणीतरी शिकवलं होतं, अगदी पहिल्या दिवशी शिकवतात त्यातलं ते होतं. शिकवणाऱ्याच्या बोटाला शाईचा डाग होता तेही आठवलं, पण पन्नासचं काय असतं ते काही केल्या येईना. पन्नास म्हणजे पन्नासच दिसत राहिले. पोरं वाट बघून कंटाळली. "जाऊ द्या म्झे," पेट्रोलचा वास म्हणाला, "तुमचा दोष नाही, सूत्रच येडं आहे. हे घ्या खालचं: 'गाईचं पिल्लू.'" आणि दुकान पुन्हा ओरडलं. किम्वेलेने दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली, कारण गाईचं पिल्लूही त्याने आज सकाळीच सोडवलं होतं, आणि त्यावरही ओबुराला दोन शब्द ऐकवले होते.

त्याची पाळी आली तेव्हा गितोंगाने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती थंडगार कापड बांधलं आणि मान पुढे वाकवली. यंत्र मानेवरून वर चढू लागलं. मान वाकवून बसलं की किम्वेलेला नेहमी कोर्ट आठवे. तीस वर्षं तो कोर्टात दुभाष्या होता. गावाकडून आलेली माणसं किकाम्बा भाषेत बोलत, तो ते इंग्रजीत मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे ठेवी, साहेबांचं इंग्रजी उलटं त्यांच्या कानात घाली. जसं आलं तसं. इतर दुभाषे वाटेत पदरची साखर घालत. कोणी पक्षकार रागाने वाट्टेल ते बोलला तर "साक्षीदार नाराज आहे" एवढ्यावर भागवत. किम्वेलेने तसं कधी केलं नाही. एकदा एका म्हातारीने साहेबांच्या आईविषयी असं काही म्हटलं की मागच्या बाकांवरची माणसं अंगावरच्या चादरी तोंडात कोंबून हसली. त्याने ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. म्हातारीला रात्र कोठडीत काढावी लागली. घरी आल्यावर स्योंबुआने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं, "तुमची जीभ जरा अडखळली असती तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला होता, "मध्ये उभं राहणाऱ्या माणसाला दया करायचा अधिकार नसतो." ते वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की नंतर त्याने ते नव्या दुभाष्यांनाही ऐकवलं. आणि तो एक वेडा, जमिनीच्या खटल्यात साक्षीला आलेला, जो म्हणत होता की नदीने रात्री येऊन बांध हलवला. साहेबांनी त्याला एकदाही अडवलं नाही, एरवी सख्ख्या भावाला अडवणारा माणूस. मान हलवत होते, "बरं, बरं, मग?" म्हणत होते, पेन कागदावर सारखं चालत होतं. वेडा खूश होऊन पिंजऱ्यातून उतरला. किम्वेले शेजारीच उभा होता म्हणून त्याला दिसलं. साहेब कागदावर फुलं काढत होते.

"मागे बारीक करू का म्झे?" गितोंगाने विचारलं. "कर," तो म्हणाला, आणि आपण काय कर म्हणालो हे त्याच्या लक्षात राहिलं नाही.

शाईचा डाग कुटिन्योच्या बोटाला होता. कुटिन्यो हा कोर्टातला हेडक्लार्क, गोव्याचा, किडमिडीत, कायम टाय बांधलेला. साहेबांचा पेपर जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर येई आणि तो त्याची अशी घडी घाली की कोड्याची चौकट आणि वरची सूत्रं तेवढी बाहेर राहावीत, खालची आत जावीत. नखाने तो ती घडी दाबून घेई. "खालची टायपिस्टांसाठी," तो म्हणे. "माणसाने एकदा खाली पाहिलं किम्वेले, की परत वर बघवत नाही." किम्वेलेने कोडं त्याच्याकडून घेतलं, घडीही त्याच्याकडूनच घेतली. मदतीचाही कुटिन्योचा नियम होता. मदत मागायची ती फक्त इंग्लंडातल्या फुलांसाठी आणि क्रिकेटसाठी. ती इथे उगवत नाहीत, तेव्हा न येण्यात आपली लाज नाही. बाकी सगळं आपल्याच डोक्यातून यायला हवं, नाही आलं तर घर रिकामं सोडायचं. रिकामं घर हे खोट्या साक्षीपेक्षा बरं. कुटिन्यो पुढे मुलाकडे कॅनडाला गेला, तिथून एक नाताळचं कार्ड आलं, मग तेही नाही. पण त्याच्यामागे किम्वेले रोज वरची सूत्रं सोडवत राहिला, आणि हळूहळू त्या गोष्टीभोवती त्याचं उरलेलं आयुष्य गोळा झालं. साहेब होणं काही नशिबात नव्हतं. पण साहेबांना न येणारा शब्द त्याला येई, आणि साहेब दाराशी येऊन घसा खाकरत, "अं, किम्वेले, ते सतरा आडवं..." म्हणत, तेव्हाचा तो खाकरण्याचा आवाज त्याने आजवर जपून ठेवला होता.

दुकानातून बाहेर पडल्यावर तो नेहमीसारखा वसाहतीच्या भिंतीला डावा हात लावून चालू लागला. घरापासून दुकानापर्यंतचा हा रस्ता तेवढा तो एकटा चालायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. आधी खडबडीत दगड, मग कणसं भाजणाऱ्या बाईचा धूर, मग उघडं गटार, तिथे काठी आधी टाकायची. आज गटारापाशी तो उगाच उभा राहिला. केव्हापासून, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घोंघावत होता. ओबुरा वाचायला लागला तेव्हा तो वरचीच वाचत होता, याबद्दल शंका नव्हती. ते दिवस तर आठवणीत सलत होते. ईस्टरच्या आधीचे ते आठवडे, जेव्हा एकेक सूत्र तोंडावर दार आपटल्यासारखं मिटायचं, दहातलं एक सुटायचं, मग तेही सुटेना. त्याने दोष ओबुराला दिला होता. ओबुरा वीज कंपनीत मीटर वाचत असे, जन्मभर लोकांच्या कुत्र्यांना चुकवत फिरलेला, विधुर, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याचा उच्चार असा की वाक्यातला जोर भलत्याच शब्दावर पडावा. "अरे, नीट वाच!" किम्वेले ओरडायचा. "जिथे जोर देऊ नये तिथे देतोस, सगळा अर्थ सांडतो." एक दिवस त्याने चहाचा कप फेकला. भिंतीवर फेकला होता, पण त्याच्या डोळ्यांना भिंत कुठे आहे ते नीटसं दिसलं नसावं, आणि चहा ओबुराच्या मांडीवर गेला. वर तो म्हणाला होता, "मीटर वाचणाऱ्याला आकडेच वाचता यायचे!"

त्यानंतर ओबुरा काही दिवस आला नाही. गावी गेलाय, असं स्योंबुआ म्हणाली. पण कप फेकला त्याच संध्याकाळी ती झाकलेलं ताट घेऊन शेजारी गेली होती, चपातीचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास दारातून बाहेर गेलेला त्याला स्पष्ट आठवत होता. माफी मागायला गेली असेल असं समजून त्याला थोडा राग आला होता आणि थोडं बरंही वाटलं होतं. बराच वेळ ती आली नाही. मग ओबुरा आला, गरम मांदाझींची, तळलेल्या गोडसर पावांची, पुडी घेऊन, काही घडलंच नाही अशा आवाजात: "काय कोर्ट, आज काय निकाल?" आणि त्या सकाळी चमत्कार झाला. सूत्रं सुटू लागली. एक, मग दुसरं. शब्द आपल्या पायांनी चालत येऊ लागले. किम्वेलेने ओबुराच्या पाठीवर थाप मारली होती. "शेवटी वाचायला शिकलास!" ओबुरा हसला होता. जरा जास्तच हसला होता. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज तोलून पाहिलेल्या माणसाला ते हसणं खोटं वाटू नये? वाटलं होतं. पण ज्याला जिंकायचं असतं तो असल्या गोष्टी कानाआड करतो, आणि किम्वेलेनेही तेच केलं.

मग एकेक गोष्ट आपण होऊन उभी राहिली, जसे एकाने कबुली दिली की बाकीचे आरोपी बोलू लागतात. मोंबासाहून मुलीचा फोन येतो आणि मुएनी म्हणते, "बाबा, रोज पूर्ण सोडवता म्हणे! अगदी पूर्ण? कमाल आहे तुमची!" हाच सूर ती तिच्या धाकट्यासाठी वापरते, त्याने स्वतःचे बूट स्वतः घातले की. म्हणजे तिलाही माहीत होतं. चर्चच्या दारात पाद्रीबुवा हात हातात घेऊन म्हणतात, "तुमची बुद्धी अजून तल्लख आहे असं ऐकलं." अजून. त्या शब्दावर तेव्हा जोर होता की आता तो आपण देत होतो? सगळ्या वसाहतीला माहीत असेल. कणसं भाजणारीलाही माहीत असेल. रोज सकाळी आपण व्हरांड्यात बसून उंटावर आणि वासरावर प्रवचन देतो, आणि कुंपणापलीकडे लोक तोंडात चादरी कोंबतात. अंगावरचे कपडे कुठे राहिले आणि आपण रस्त्यावर कसे आलो असं व्हावं, तसं त्याला झालं. "म्झे, हात धरू का?" कणसंवालीने विचारलं. "मी पडलोय का?" तो खेकसला. ती पुन्हा कणसांना वारा घालू लागली.

दारात स्योंबुआने त्याच्या मानेवरून हात फिरवला. "अगबाई, मागे किती कापलेत हो, बाबा मुएनी! मान गारठेल." मुलीच्या नावावरून ती त्याला हाक मारी, जशी इथली प्रत्येक बाई नवऱ्याला मारते.

"पेपर दे."

"आत्ता? ओबुरा सकाळी येईलच की."

"आजचा. पेपर दे म्हणतो ना."

तिने दिला. तो खिडकीशी गेला, पेपर डोळ्यांत उरलेल्या त्या भोकासमोर धरला. राखाडी, त्यात जरा गडद राखाडी. मग त्याने डोळे मिटले आणि बोटांनी पाहिलं. ओबुराच्या पेनाने घरांत उमटलेले खळगे बोटाला लागले, म्हणजे कोड्याचं पान वर होतं. घडी होती. नखाने दाबलेली, काळजीपूर्वक घातलेली. ही घडी त्यानेच ओबुराला शिकवली होती, पहिल्या आठवड्यात, त्याचा अंगठा हातात धरून. पण ती वर होती. कुटिन्योची घडी चौकटीच्या खाली पडते आणि खालची सूत्रं आत जातात. ही चौकटीच्या माथ्यावर पडली होती. वरची सूत्रं आत गेली होती. त्याने बोट तिथून दोनदा फिरवलं. एवढी तरी माणुसकी ओबुराने दाखवली, वरचं त्याच्या स्वतःच्या नजरेलाही पडू नये याची काळजी घेतली. बहुधा चुकून वाचलं जाईल या भीतीने.

स्योंबुआ मागे उभी होती. ओले हात ती कधीचे ॲप्रनला पुसत होती. "काय शोधताय?"

"काही नाही. घडी बघतोय."

तिचे हात थांबले. म्हणजे तिला कळलं. आता त्याने विचारायचं होतं, एवढंच राहिलं होतं. पण त्याला उमगलं की त्याचा राग फसवणुकीचा नव्हताच. फसवणूक त्याने कोर्टात रोज पाहिली होती, तिचं त्याला काय? राग होता तो तिला दिसलं होतं याचा. त्याला दिसायच्या आधी तिला दिसलं होतं की ह्याच्या डोक्यातलं काहीतरी निसटत चाललंय, आणि ती रडली नव्हती, भांडली नव्हती. तिने रस्सा शिजवला होता, ताट झाकलं होतं आणि शेजारी जाऊन सगळी व्यवस्था लावून आली होती. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलंही असतं, पण त्या मऊ आवाजात, ज्यात ती आजारी माणसांशी बोलते. तो आवाज ऐकण्यापेक्षा त्याने पेपर परत दिला. "उगाली कर," तो म्हणाला, "भूक लागलीय." भूक लागली नव्हती. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा बोटांनी मोडताना तो एकच गोष्ट मनात घोकत होता, पन्नास, पन्नास. ती हलकेच म्हणाली, "काय म्हणालात?"

सकाळी धुकं इतकं होतं की फाटकाची कडी वाजली तेव्हाच ओबुरा आल्याचं कळलं. "काय कोर्ट, आज काय निकाल? बाप रे, हे डोकं की उकडलेलं अंडं! गितोंगाने सूड उगवला काय?" खुर्ची ओढली गेली. मांदाझीचा वास आला. स्योंबुआने चहा ठेवला आणि ती आत गेली, पण फार आत गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारापाशी पातेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज येत राहिला. पेपर उघडला, दुमडला, नख फिरलं. किम्वेले ऐकत होता. नख वरून फिरलं.

"एक आडवं," ओबुरा म्हणाला. "'चुलीत राहतो तो...'"

"वरचं वाच."

चमचा थांबला.

"वरचंच वाचतोय की," ओबुरा म्हणाला. त्याचा मोठा आवाज कुठेतरी बसला होता.

"ओबुरा, मी तीस वर्षं कोर्टात काढली. घडी उलगड. वरचं वाच. जसं आहे तसं, साखर न घालता."

घडी उलगडल्याचा आवाज आला. मग ओबुरा वाचू लागला, पूर्वीसारखाच, अडखळत, भलत्याच शब्दावर जोर देत, आणि तो जुना चुकीचा जोर ऐकून किम्वेलेला क्षणभर इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. "'राणीच्या बागेत उलटा फिरला माळी, अर्धा राहिला बाहेर.' सहा अक्षरं."

आता आपण आणि ते सूत्र, मध्ये कोणी नाही. त्याने शाल बाजूला सारली, ताठ बसला. राणी. बाग. उलटा. उलटा म्हटलं की काहीतरी करायचं असतं, हे त्याला माहीत होतं. काय करायचं असतं? माळी त्याला दिसला, खाकी अर्ध्या चड्डीतला, कोर्टाच्या आवारात झारी घेऊन फिरणारा, त्याचं नावसुद्धा आठवलं, वांबुआ, त्याची एक करंगळी नव्हती हेही आठवलं. तो माळी उलटा काही होईना. तो शांतपणे पाणी घालत राहिला. किम्वेले त्या वाक्याभोवती फिरला, दार शोधलं, खिडकी शोधली. वाक्य नुसतं वाक्य होतं. त्यात राणीची बाग होती आणि तिच्यात एक माळी होता. पोटात काही नव्हतं. चहा थंड झाला. ओबुराने एकदा घसा खाकरला. साहेब खाकरायचे तसा नाही; दवाखान्यात रोग्याच्या खाटेशी बसलेले लोक खाकरतात तसा.

"नाही आलं तर राहू दे कोर्ट," तो म्हणाला. "मला तरी कुठे येतंय? घर रिकामं सोडू. तुमचा तो कुटिन्यो म्हणायचा ना."

रिकामं सोडायला हवं होतं. तेवढं करून पेपर बंद करायला सांगायला हवं होतं, आणि मग उरलेल्या सकाळी कशा काढायच्या ते बघता आलं असतं. पण किम्वेलेला एक गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारून कळण्यासारखी नव्हती. आपण चुकलो तर आपल्याला चूक म्हणणारं या घरात कोणी उरलंय का? माणूस चुकला म्हणून त्याच्यावर ओरडावं, एवढी त्याची किंमत अजून कोणाला वाटते का? त्याने दोन्ही हात शालीखाली घेतले.

"मॅजिस्ट्रेट," तो म्हणाला.

तो शब्द त्याने आयुष्यात किती वेळा लिहिला असेल याला सुमार नव्हता. शालीखाली त्याने तो इंग्रजी अक्षराअक्षराने पुन्हा मोजला. दोन्ही हातांची सगळी बोटं संपली. घरं सहा होती.

स्वयंपाकघराच्या दाराकडे ओबुराची मान वळली असावी, कारण खुर्ची करकरली. मग पेन कागदावर चालू लागलं. किम्वेलेने कान देऊन ऐकलं. ते चालत राहिलं, सहा घरांना लागेल त्यापेक्षा जास्त वेळ, गोल, सावकाश.

"बसलं?" त्याने विचारलं.

"बसलं की!" ओबुरा म्हणाला. "अगदी चपखल. पहिल्याच दमात, कोर्ट!"

"आलं का हो?" आतून स्योंबुआने विचारलं, त्या मऊ आवाजात. चमचा पुन्हा पातेल्यात फिरू लागला.

"आलं," किम्वेले म्हणाला. त्याने शाल परत खांद्यावर ओढली, चाचपत चहाचा कप शोधला आणि तो दोन्ही हातांत धरला. "हं ओबुरा," तो म्हणाला, "चुलीत कोण राहतो?"